ठासणीची रायफल, आधुनिक

ठासणीची रायफल, आधुनिक : नळीच्या तोंडातून प्रथम दारू व नंतर गोळी घालून, ती गजाने ठासून, बुडाशी स्वतंत्र ठिणगी देऊन उडवावयाची आणि नळीच्या आतल्या पृष्ठभागावर पेचदार खोबणी पाडलेली बंदूक. जुन्या ठासणीच्या बंदुकीचे तत्त्व तेच ठेवून, परंतु आजचे पोलाद, आजची ठिणगीची साधने आणि काळ्या दारूच्या जागी तिचे पर्याय योजून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार विकसित झाला. त्याचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असून हरणांची शिकार व नेमबाजी हे त्याचे दोन उपयोग आहेत. काडतुसाच्या बंदुकीत दारू, गोळी व ठिणगीची टोपी यांचे प्रमाण कारखान्यात ठरते व तपासले जाते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराचे काडतूस नेमबाज स्वतःच्या हाताने नळीत तयार करीत असतो. ह्या एका गोष्टीतून तिची निवड, तिचा पल्ला, तिची अचूकता आणि तिचे धोके हे सर्व निष्पन्न होते. बंदूक महाग आहे की स्वस्त, याला त्यामानाने गौण स्थान आहे.

इतिहास : तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकांचा इतिहास अन्यत्र दिला आहे [⟶ बंदूक]. खोबणींच्या नळीत गोळी घट्ट बसावी लागते व घट्ट गोळी तोंडाकडून सारणे कष्टाचे असते, ही ठासणीच्या रायफलीची मूळ अडचण होय. अमेरिकेतील शिकाऱ्यांनी नळीपेक्षा किंचित लहान गोल गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ही अडचण सोडविली. यूरोपीय सैन्यांसाठी १८४९ च्या सुमारास क्लोद एत्येन मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ही गोळी सैलपणे आत जाई आणि बार होताच वायूच्या दाबाने तिची कडा फाकून खोबणींत रुतून बसे. ह्याच तत्त्वावरील ०·५७७ इंची (१४·६६ मिमी.) व्यासाची १८५३ ची एन्फील्ड रायफल ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याला देण्यात आली. तिचे कागदी काडतूस दातांनी फोडून दारू नळीत ओतावी लागे व कागदाला चरबी लावलेली असे. १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरलेले काडतूस ते हेच. म्हणजे भारतीय वाचकाला ठासणीच्या रायफलीची भरण्याची रीत नकळत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातूनच परिचित झालेली असते.

१८६६ च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात बुडाकडून भरावयाच्या प्रशियन बंदुकांनी ऑस्ट्रियाच्या ठासणीच्या रायफलींवर आपले श्रेष्ठत्व सिद्ध केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सैन्यांतून ठासणीची बंदूक हद्दपार झाली. अमेरिकेत मात्र तिचा छंद टिकून राहिला. १९३३ मध्ये तेथे ठासणीच्या रायफलींच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप हे तिचे केंद्र असून तिच्या स्पर्धा तेथे भरतात. १९७० मध्ये थॉम्पसन-सेंटर या कंपनीने जुन्या हॉकन रायफलीच्या धर्तीवर काढलेली बंदूक लोकप्रिय झाली. पुढे वेगवेगळ्या राज्यांनी हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचे स्वतंत्र हंगाम जाहीर करण्यास सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये असा हंगाम सुरू करताना गारगोटीच्या चकमकीची अट घातली.

ह्या हंगामांनी बंदुकीचे रूप पालटले. ज्यांना जुन्या शस्त्रांचे प्रेम नव्हते, परंतु वर्षातून आणखी काही दिवस शिकारीस जावयाचे होते, त्यांना जुन्या घडणीची नाजूक व दमट हवेत दगा देणारी बंदूक नको होती. मिसूरी राज्यातील बंदूक-कारागीर टोनी नाइट याने १९८५ मध्ये एमके-८५ ही रायफल बाजारात आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या बाजूने न देता नळीच्या अक्षाच्या सरळ रेषेत मागून दिली जाते. आजच्या बहुतेक स्वस्त रायफली ह्याच कल्पनेचा विस्तार आहेत. मूळ हेतू जुन्या मर्यादांत राहून शिकार करण्याचा होता, तो ह्या सुधारणांनी विफल झाला, असा आक्षेप परंपरावादी घेतात व त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. काही राज्यांनी तो नियमांतही मान्य केलेला दिसतो. उदा., कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण, प्लॅस्टिकच्या वाटीतील गोळी आणि दारूच्या वड्या यांना मनाई आहे. म्हणून बंदूक घेण्यापूर्वी, ती जेथे वापरावयाची त्या राज्याचे चालू वर्षाचे नियम पाहणे हे पहिले काम होय. एका राज्यात पूर्णपणे वैध असलेली बंदूक शेजारच्या राज्यात त्या हंगामापुरती निरुपयोगी ठरू शकते. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यान्वये काडतूस न वापरणाऱ्या व काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बहुतेक बंदुका पुराण शस्त्रांत मोडतात व त्यांच्या खरेदीवरील बंधने सौम्य आहेत. तथापि काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत.

रचना : नळी, दस्ता, चाप, घोडा आणि नळीखाली अडकविलेला गज ही अंगे जुन्या बंदुकीप्रमाणेच असतात. फरक आहे तो बुडाशी. जुन्या बंदुकीची नळी मागून कायमची बंद असे व तिच्या कानातून, म्हणजे बाजूच्या लहान छिद्रातून, जाळ आत जाई. चकमकीच्या बंदुकीत कानाबाहेरच्या खोलगट भागात रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवीत. केपाच्या बंदुकीत पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसवीत. आधुनिक रायफलीत नळीच्या मागील टोकाला आट्यांनी बसविलेले पोलादी बूच असते. त्याला ब्रीच प्लग म्हणतात. त्याच्या मध्यातून एक बारीक मार्ग असून त्याच्या मागील खळग्यात छऱ्यांच्या काडतुसासाठी बनविलेली क्रमांक २०९ ची टोपी बसते. तिचा जाळ साध्या केपापेक्षा पुष्कळच मोठा असतो व तो सरळ दारूत शिरतो. चाप ओढणे व बार होणे यांतील विलंब त्यामुळे जाणवेनासा होतो. चकमकीच्या बंदुकीत हा विलंब इतका असतो, की नवशिका नेमबाज बार होण्यापूर्वीच नेम मोडून बसतो.

आजची स्वस्त रायफल बहुधा मधोमध दुमडणारी असते. खटका दाबताच नळी पुढे कलते, टोपी हाताने बसविता येते व नळी मिटली की टोपीचा भाग पावसापासून बऱ्याच अंशी झाकला जातो. बूच काढले, की नळी दोन्ही टोकांनी मोकळी होते. ह्या एका सोयीमुळे साफसफाई सुकर झाली आणि न उडालेली दारू व गोळी बाहेर काढणेही शक्य झाले.

निवड : अमेरिकन बाजारात कनेटिकट व्हॅली आर्म्‌स (सीव्हीए) या कंपनीची वुल्फ व ट्रॅडिशन्स कंपनीची बकस्टॉकर ह्या माफक किंमतीच्या रायफलींची नेहमीची उदाहरणे आहेत. दोन्ही दुमडणाऱ्या, दोहोंच्या नळ्या सु. ६१ सेंमी. लांबीच्या आणि व्यास ०·५० इंच (१२·७ मिमी.). २०२० नंतरच्या वर्षांत अशा बंदुका साधारणतः ३०० डॉलरच्या आसपास मिळत आल्या आहेत. याहून दुप्पट-तिप्पट किंमतीच्या रायफली आहेत. त्यांच्यात नळी अधिक लांब, पोलाद अधिक गंजरोधक, चाप अधिक हलका व दस्ता अधिक सुबक असतो. परंतु शंभर मीटरच्या आत हरणावर गोळी टाकणाऱ्याला ह्या जादा पैशाचा मोबदला फारसा मिळत नाही. तोच पैसा दोन-तीन प्रकारच्या गोळ्या व पुरेशी दारू यांवर खर्च करून सराव केला, तर अचूकता खात्रीने वाढते.

व्यासाबाबत संभ्रमात पडण्याचे कारण नाही. ०·५० इंची व्यास सर्वांत प्रचलित असून त्याच्या गोळ्या, वाट्या व साफसफाईची साधने सर्वत्र मिळतात. ०·४५ इंची रायफलीचा धक्का कमी व गोळीचा मार्ग अधिक सपाट असतो. ०·५४ इंची ही गोल गोळीने मोठे जनावर मारणाऱ्यांची आवड आहे.

खोबणींचा पीळ हा मात्र निवडीतील खरा मुद्दा आहे आणि ग्राहकाचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. गोळीने एक पूर्ण फेरा घेण्यासाठी नळीत जेवढे अंतर कापावे लागते, त्यावरून पीळ मोजतात. गोल गोळीला मंद पीळ मानवतो : सु. १६८ सेंमी. (६६ इंच) अंतरात एक फेरा. लांबट गोळी हवेत डगमगू नये यासाठी तिला वेगाने फिरवावे लागते; म्हणून आधुनिक रायफलींत ७१ सेंमी. (२८ इंच) अंतरात एक फेरा असा जलद पीळ असतो. १२२ सेंमी. (४८ इंच) हा मधला पीळ जुन्या घडणीच्या अनेक नकलांत आढळतो. तो दोन्ही प्रकारच्या गोळ्या बऱ्यापैकी टाकतो, पण कोणतीच उत्कृष्ट टाकीत नाही. जलद पिळाच्या नळीत चिंधीतील गोल गोळी भरपूर दारूवर उडविल्यास ती खोबणी सोडून घसरते व नेम विखुरतो. पुष्कळदा ‘बंदूक वाईट’ म्हणून विकून टाकली जाते ती ह्या बेबनावामुळे.

यांखेरीज बूच हाताने वा साध्या पान्याने सहज निघते का, चाप ओढताना अडखळत नाही ना, आणि माशी व मागची खाच स्पष्ट दिसतात का, हे पाहावे. दुर्बीण लावण्यास परवानगी असेल, तर बंदुकीच्या जागी दुर्बिणीच्या बैठकीत काटकसर करणे महागात पडते. धक्क्याने बैठकीचे मळसूत्र सैल होते व दोष नळीवर जातो. जुनी बंदूक घेताना प्रथम गज आत सोडून ती भरलेली नाही याची खात्री करून घ्यावी आणि मगच पुढे जावे. नंतर बूच काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. गंजाचे खड्डे बुडाजवळ सर्वांत जास्त असतात. नळीच्या मध्यभागी कड्यासारखी काळपट रेषा दिसली, तर गोळी दारूपासून दूर राहून पूर्वी कधी तरी बार झाला व नळी आतून फुगली, असे समजावे. अशी बंदूक कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बूच निघतच नसेल, तर विक्रेत्याने ती साफ केलेली नाही, एवढा निष्कर्ष पुरेसा आहे.

दारू : काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण [⟶ दारू, बंदुकीची]. तिच्या दाण्यांच्या आकारावरून एक ते चार ‘एफ’ अशी वर्गवारी करतात. एफची संख्या जितकी जास्त तितके दाणे बारीक व ज्वलन जलद. ०·५० इंची रायफलीस सामान्यतः दोन एफची दारू योग्य असते, तर चार एफची केवळ रंजकासाठी वापरतात. काळी दारू सहज पेट घेते. त्यामुळे तिच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर बंधने आहेत व सर्व दुकानांत ती मिळत नाही. १९७० नंतरच्या दशकात आलेल्या पायरोडेक्ससारख्या पर्यायांनी ही उणीव भरून काढली. ट्रिपल सेव्हन ह्या पर्यायात गंधक नाही व तो पाण्याने सहज धुतला जातो. मात्र तो काळ्या दारूपेक्षा जोरदार असल्याने मात्रा सु. १५ टक्के कमी घ्यावी, असे उत्पादक सांगतात. ब्लॅकहॉर्न २०९ हा नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला पर्याय नळी फारशी मळवीत नाही. परंतु तो महाग असून त्याला जोरदार २०९ टोपी व योग्य घडणीचे बूच लागते.

ह्या सर्व दारूंची मात्रा ग्रेनमध्ये सांगतात (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.) आणि येथे एक फसवी गोष्ट आहे. हे ग्रेन वजनाचे नसून आकारमानाचे असतात, म्हणजे तेवढ्या वजनाची काळी दारू जेवढी जागा व्यापील तेवढी जागा व्यापणारा पर्याय. ब्लॅकहॉर्नची १०० ग्रेन आकारमानाची मात्रा तराजूत सु. ७० ग्रेनच भरते. ती तराजूवर १०० ग्रेन तोलून घातली, तर नळीत ठरल्याहून जवळजवळ दीडपट दारू जाते. यासाठी मापाच्या नळकांड्यानेच दारू मोजावी.

वड्यांच्या रूपातील दारू भरण्यास सोपी असते. ५० ग्रेनच्या दोन वड्या ही नेहमीची मात्रा होय. काही बंदुकांना तीन वड्या, म्हणजे १५० ग्रेन, चालतात व जाहिरातीत त्याचा मोठा गाजावाजा असतो. प्रत्यक्षात तिसऱ्या वडीने वेग थोडाच वाढतो, धक्का मात्र पुष्कळ वाढतो आणि आखूड नळीत काही दारू तोंडाबाहेर जळते. सुटी दारू स्वस्त पडते, शिवाय मात्रा पाच-पाच ग्रेनने कमीजास्त करून आपल्या नळीला काय मानवते ते शोधता येते. काटकसरी नेमबाजाने तीच घ्यावी हे उत्तम.

काडतुसांतील निर्धूम दारू ठासणीच्या रायफलीत कधीही घालू नये. तेवढ्याच आकारमानाच्या निर्धूम दारूने निर्माण होणारा दाब काळ्या दारूच्या कित्येक पट असतो. नळी फुटते, बूच मागे फेकले जाते व डोळे किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो. सॅव्हेज कंपनीच्या १०एमएलसारख्या, मुद्दाम त्यासाठी घडविलेल्या मोजक्या रायफली याला अपवाद आहेत. पण अपवादाच्या ऐकीव माहितीवरूनच अपघात होतात. एका वेळी बाकावर एकाच दारूचा डबा उघडा असावा आणि खूणचिठ्ठी नसलेल्या डब्यातील दारू रंगावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण निर्धूम दारूही काळी असते.

गोळी : चिंधीतील शिशाची गोल गोळी सर्वांत स्वस्त व सर्वांत जुनी. ०·५० इंची रायफलीची अशी गोळी सु. ११·५ ग्रॅ. वजनाची असते. गोलाकारामुळे हवेचा रोध तिला फार जाणवतो व पहिल्या शंभर मीटरांत ती सु. ४० टक्के वेग गमावते. घरी ओतता येत असल्याने मंद पिळाच्या बंदुकीतील सरावासाठी तिला तोड नाही. नळीच्या व्यासाची लांबट शिशाची गोळी जड असते, खोलवर शिरते, पण धक्काही जोराचा देते. जलद पिळाच्या रायफलीत सर्वाधिक वापरली जाते ती प्लॅस्टिकच्या वाटीतील लहान व्यासाची गोळी. ह्या वाटीस सॅबो म्हणतात. वाटी खोबणी पकडून गोळीला फिरविते व तोंडाबाहेर पडताच गळून पडते. १६ ग्रॅ. (२५० ग्रेन) वजनाची अशी गोळी १०० ग्रेन मात्रेवर सेकंदाला सु. ५३० मी. वेगाने निघते. वाटीचा घट्टपणा नळीनळीगणिक बदलतो. गज दोन्ही हातांनी जोर लावून दाबावा लागला तर वाटी फाटेल, अंगठ्याने ढकलताच ती घसरत गेली तर चालताना गोळी पुढे सरकेल. ह्या दोहोंमधली निवडावी.

भरण्याची रीत : भरणाऱ्याने नळीचे तोंड स्वतःपासून दूर कलते धरून पुढे सांगितलेला क्रम न चुकता पाळावयाचा असतो. आरंभी गज आत सोडून तो तळापर्यंत जातो का पाहावे. नळीतील तेल पुसून एक-दोन टोप्या नुसत्याच उडवाव्यात, म्हणजे बुचाचा मार्ग मोकळा व कोरडा होतो. मग डब्यातून मापात व मापातून नळीत दारू ओतावी. डब्यातून किंवा दारूच्या शिंगातून थेट नळीत कदापि ओतू नये. आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी धुमसत असली, तर मापातील थोडी दारूच भडकेल. डबा तोंडाशी असेल तर तो हातातील बाँब ठरेल. त्यानंतर लहान मुठीने गोळी काही सेंटिमीटर आत सारावी व गज तोंडापासून वीतभर अंतरावर धरून आखूड आखूड रेट्यांनी ती दारूवर टेकवावी. लांब रेटा दिल्यास गज मोडून त्याची चीर तळहातात घुसते. गोळी दारूवर दर वेळी सारख्याच दाबाने टेकली पाहिजे. दारू व गोळी यांच्यात पोकळी राहिली, तर दाबाची लाट त्या जागी नळी फुगविते किंवा फोडते. टोपी बसविण्याचे काम सर्वांत शेवटी, बंदूक लक्ष्याकडे वळविल्यावर.

गोळी नीट बसली की नाही हे नेमबाजाला नळीत डोकावून पाहता येत नाही. त्यावर एक जुना व बिनखर्ची उपाय आहे. रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी त्याच्यावर एक खूण करावी. नेहमीची मात्रा व गोळी भरून दुसरी खूण करावी. पुढे प्रत्येक भरणानंतर गजाची दुसरी खूण तोंडाशी जुळली, तर सर्व ठीक. ती वर राहिली तर गोळी तळाला गेलेली नाही किंवा आत दोन भरणे आहेत. ती आत बुडाली तर दारू घालावयाची राहून गेली आहे. अशी चूक केवळ वेंधळ्यांकडूनच होते असे नाही. अमेरिकन यादवी युद्धात जुलै १८६३ मधील गेटिझबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवरून गोळा केलेल्या सु. २७,५०० बंदुकांपैकी सु. २४,००० भरलेल्या आढळल्या आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांत एकावर एक दोन भरणे होती. कित्येकांत त्याहूनही अधिक. कवायत अंगवळणी पडलेल्या सैनिकांची गोंधळात ही गत होते, तर रानात हरिण दिसताच घाईने दुसरा बार भरणाऱ्या हौशी माणसाविषयी काय सांगावे ! बाकावर बोलत बोलत भरणे हेही तितकेच वाईट.

चाप ओढूनही बार न झाल्यास बंदूक लक्ष्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबावे, कारण दारू धुमसत असल्यास बार उशिरा होतो. त्यानंतर टोपी बदलून पाहावे. तरीही न झाल्यास टोपी काढून, गजाने भरण तपासून, दारूच नसल्याचे आढळले तर बुचाच्या मार्गाने थोडी दारू सारून गोळी उडवून टाकतात. मात्र तत्पूर्वी गोळी तळाला टेकवून घेणे आवश्यक असते. कुंपण ओलांडताना, झाडावर चढताना किंवा वाहनात बसताना टोपी काढलीच पाहिजे. अनेक राज्यांच्या नियमांत टोपी काढलेली ठासणीची बंदूक रिकामी समजली जाते. ती कायद्यापुरतीच रिकामी असते, हे लक्षात ठेवावे.

नेमबाजी : प्रथम २५ मी. व नंतर १०० मी. अंतरावर टेकू देऊन नेम बसवितात. प्रत्येक बारानंतर ओलसर व मग कोरडी चिंधी नळीतून एकेकदा फिरवावी. प्रत्येक वेळी तीच रीत असावी, कारण नळी कधी मळलेली, कधी स्वच्छ असेल तर गोळ्याही विखुरतात. ट्रिपल सेव्हनमुळे गोळीच्या बसण्याच्या जागी जमणारे कठीण कडे न काढल्यास दुसरी गोळी तळाला जातच नाही. शिकारीतील पहिली गोळी थंड नळीतून जाते. म्हणून नेम बसविताना नळी निवू द्यावी व कागदावरील पहिल्या गोळीला इतरांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. एका वेळी मात्रा, गोळी वा टोपी यांपैकी एकच गोष्ट बदलावी. १०० मीटरवर तीन गोळ्या ७ ते ८ सेंमी. च्या आत पडल्या, की शिकारीपुरता शोध संपला.

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सु. २० सेंमी. रुंदीचा असतो. १०० मीटरवर नेम बसविलेली वर उल्लेखिलेली गोळी १५० मीटरवर १५ ते २० सेंमी. आणि २०० मीटरवर सु. अर्धा मीटर खाली जाते. अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी जनावर पोटात वा पायात जखमी होऊन निसटते आणि दुसरा बार भरेपर्यंत ते दृष्टीआड झालेले असते. विक्रेते २०० मीटरचा व त्याहूनही अधिक पल्ला सांगतात, तो बंदुकीचा असेल. शिकाऱ्याचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर त्याच्या सर्व गोळ्या २० सेंमी. च्या वर्तुळात पडतात ते अंतर. उघड्या माशीवर नेम धरणाऱ्या बहुतेकांचे ते ७० ते ९० मीटरच्या पुढे जात नाही. डोळ्यांना चष्मा व कानांना बोळे हे सरावातही अनिवार्य आहेत.

निगा : काळी दारू जळाल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा भाग घन अवशेषाच्या रूपात उरतो. त्यातील पोटॅशियमचे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात व दमट रात्रीत नळीला गंज चढू लागतो. पायरोडेक्समधील परक्लोरेटापासून होणारी क्लोराइडेही तशीच घातक असतात. अवशेष पाण्यात विरघळतो. म्हणून साबणाचे कोमट पाणी हेच सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी द्रावण होय. नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसून पाहावे. बूच त्याच दिवशी काढावे, त्याचा बारीक मार्ग तारेने साफ करावा आणि आट्यांना जाड वंगण लावून मगच ते बसवावे. अन्यथा ते नळीत जखडून बसते. ब्लॅकहॉर्नचा अवशेष पाण्याने जात नाही, त्याला निर्धूम दारूसाठीचे द्रावण लागते. स्वस्त रायफलीच्या नळ्या पुष्कळदा साध्या पोलादाच्या असतात. त्यांना एका रात्रीचा आळसही पुरतो.

भारतातील स्थिती : भारतात ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याच्या परवान्याचा त्या अधिनियमात स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणातील व अन्य डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांकडे रानडुकरे व वानरे हाकण्यासाठी अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आढळतात. त्या गुळगुळीत नळीच्या व केपाच्या असून त्यांत छरे भरतात. वर वर्णिलेल्या रायफलीशी त्यांचे नाते भरण्याच्या रीतीपुरते आहे. परंतु मापाने दारू मोजणे, गजावरील खूण, टोपी शेवटी बसविणे व त्याच दिवशी पाण्याने नळी धुणे ह्या गोष्टी त्यांनाही तंतोतंत लागू पडतात. पीकसंरक्षणाच्या परवान्याने शिकारीचा अधिकार मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस बंदी असून उपद्रवी प्राण्याला मारावयाचे झाल्यास सक्षम वनाधिकाऱ्याची अनुज्ञा घ्यावी लागते.